व्हिनियर निवडण्याआधी: कंपोझिट, सिरॅमिक, की काहीच नको?

मे महिना जवळ आला की आमच्या लॅबमध्ये समोरच्या दातांची कामं वाढतात. लग्नं असतात, चाकरमानी गावी येणार असतात, आणि घरातलं कुणीतरी मुलीला सांगितलेलं असतं, "फोटोआधी दात तेवढे करून घे." मी डॉक्टर नाही. रत्नागिरीतल्या एका लहान लॅबमध्ये मी सिरॅमिकचं काम करते. डॉक्टर माप घेऊन पाठवतात, त्यावरून कॅप किंवा व्हिनियर घडवायचं हे आमचं काम. पेशंट माझ्यासमोर क्वचितच येतो, पण त्याचे दात प्लास्टरच्या साच्यात रोज माझ्या हातात असतात. त्या साच्यांवरून मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक व्हिनियरचा प्रकार आधी ठरवतात, आणि त्यासाठी आपला दात किती घासला जाणार हे त्यांना खुर्चीत बसल्यावर कळतं. क्रम उलटा हवा. नव्याने विचार करणाऱ्यांसाठी मी तो उलटा क्रमच इथे मांडते आहे.

आधी एवढं समजून घ्या

सुतार प्लायवुडवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवतो, त्याला व्हिनियर म्हणतात. दाताचं व्हिनियरही तसंच: दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेला थर. सिरॅमिकचा असेल तर साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर, म्हणजे नखाएवढा जाड. दाताची मागची बाजू तुमची तुम्हालाच राहते. कॅप हा वेगळा प्रकार आहे. ती दात चहूबाजूंनी झाकते, आणि त्यासाठी दात सगळीकडून घासून बारीक करावा लागतो.

हा फरक मी मुद्दाम पहिल्यांदा सांगते, कारण तो माझ्या घरात घडला. माझ्या मावसबहिणीने लग्नाआधी शहरातल्या एका दवाखान्यात समोरच्या सहा दातांना "व्हिनियर" करून घ्यायचं ठरवलं. चार दिवसांची रजा काढून ती गेली, दात घासून झाले, वर तात्पुरती कव्हरं बसली आणि ती घरी आली. रात्री जेवताना एक कव्हर निघालं, तसं तिने मला फोन लावला. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर आत दात नव्हता, खुंटी होती. पेन्सिलीला टोक काढताना चारी बाजूंनी लाकूड निघतं तसा दात उतरवलेला. शब्द व्हिनियरचा होता, काम कॅपचं होतं. तिचे दात किडलेले नव्हते, तुटलेले नव्हते, फक्त थोडे पिवळे होते. आज ती बरी आहे, कॅप छान दिसतात, पण त्यांतल्या दोन दातांना पुढे रूट कॅनल करावं लागलं. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: "हे व्हिनियर आहे की कॅप? माझा दात कुठून कुठून आणि किती घासणार?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. तो साच्यावर पेन्सिलने आखून दाखवतो.

दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू आहे. पण तिच्यात जिवंत पेशी नाहीत. हाड मोडलं तर जुळून येतं, कातडी भरून येते. इनॅमल एकदा गेलं की गेलं. समोरच्या वरच्या दातावर कडेजवळ ते साधारण एक मिलिमीटर असतं आणि हिरडीजवळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. व्हिनियर टिकतं ते याच इनॅमलच्या जोरावर. 1955 मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवून दिलं की फॉस्फोरिक ॲसिडने इनॅमल खरबरीत केलं तर त्यावर रेझिन (प्लास्टिकसारखं, चिकटून कडक होणारं मटेरियल) घट्ट धरतं. पुढे 1980च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सिलेनची (सिरॅमिकचाच एक प्रकार) आतली बाजूही हायड्रोफ्लोरिक ॲसिडने तशीच खरबरीत करून चिकटवायला सुरुवात झाली, आणि आजची सिरॅमिक व्हिनियर तिथून आली. त्याआधी, 1928 च्या सुमारास, कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस सिनेनटांच्या दातांवर असेच पापुद्रे लावत, पण ते शूटिंगपुरतेच. टिकवून धरणारा जोड तेव्हा नव्हता.

इनॅमल संपून खालचं पिवळसर डेंटिन उघडं पडलं की जोड कमकुवत होतो आणि वर्षांगणिक आणखी सैल पडतो. म्हणजे दात जेवढा कमी घासाल तेवढं व्हिनियर जास्त टिकेल.

पहिली पायरी: तक्रार एका वाक्यात सांगा

"मला दात छान हवेत" या वाक्यावर काम होत नाही. नेमकं काय खटकतं ते सांगा. दात सरसकट पिवळे आहेत? दोन दातांत फट आहे? कोपरा तुटलाय? पांढरे किंवा तपकिरी डाग आहेत? एकच दात काळा पडलाय? वेडेवाकडे आहेत?

कारण यांतल्या निम्म्या तक्रारींना व्हिनियर लागतच नाही. पिवळेपणा चहाचा, सुपारीचा किंवा मिश्रीचा असेल तर आधी दात साफ करून घ्या, मग हवं तर ब्लीचिंग, म्हणजे औषधाने दात उजळवणं. घरी ट्रेमध्ये जेल घालून लावायचं ब्लीचिंग साधारण दोन आठवडे चालतं आणि त्यात दात अजिबात घासला जात नाही. दात वाकडे असतील तर तारा किंवा अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक ट्रे). वाकडा दात व्हिनियरने सरळ "दाखवायचा" तर पुढे आलेला भाग उतरवावा लागतो, आणि तो तुमचा धडधाकट दात असतो. एकच दात काळा असेल आणि त्याचं रूट कॅनल झालेलं असेल तर त्याला आतून ब्लीच करता येतं. माझ्या मते अशा दाताला हे आधी करून पाहायलाच हवं.

डागांचं थोडं सविस्तर सांगते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मराठवाडा-विदर्भातून आलेले बरेच शिक्षक आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरमागे 1 मिलिग्रॅमचं आहे, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी, दात तयार होत असताना पोटात गेलं की दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी ठिपके येतात. हे डाग घासून जात नाहीत आणि यात त्या माणसाचा काही दोष नसतो. सौम्य डागांना मायक्रोअब्रेजन म्हणजे वरचा अगदी नाममात्र थर घासणं, किंवा डागात पातळ रेझिन मुरवणं, एवढ्याने बराच फरक पडतो. डाग खोल आणि गडद असतील तेव्हा व्हिनियरचा विचार खरा सुरू होतो. लहानपणी टेट्रासायक्लीन हे अँटिबायोटिक दिल्यामुळे करडे पट्टे आलेले दात सगळ्यात अवघड. तिथे पातळ व्हिनियरमधून खालचा रंग डोकावतो.

दुसरी पायरी: भिंत ओली असेल तर गिलावा करू नका

जांभ्याच्या भिंतीला ओल असताना कुणी गिलावा करत नाही, केला तर पहिल्या पावसाळ्यात फुगतो. इथेही तेच. हिरड्यांतून रक्त येत असेल तर व्हिनियर चिकटवताना ते जोडात शिरतं, आणि काही महिन्यांत कडेला तपकिरी रेघ दिसायला लागते. म्हणून आधी स्केलिंग (दातांवरचा कडक थर काढणं), कीड असेल तर ती भरणं, आणि हिरड्या बऱ्या व्हायला दोन आठवडे थांबणं. मिश्री लावणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, आधी ती सोडा. भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरड्या खाते, तोंडाच्या कॅन्सरला वाट करून देते आणि वर लावलेल्या कुठल्याही व्हिनियरची चकाकी घालवते. आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी चुलीपुढे बसून ती लावत आल्या आहेत, त्यांना ते व्यसन वाटतच नाही. राखुंडी आणि मीठ-कोळशाची पूडही व्हिनियर असलेल्या दातांना चालत नाही, ओरखडे पडतात.

तिसरी पायरी: आता प्रकार

कंपोझिट म्हणजे दात भरायला वापरतात तेच दाताच्या रंगाचं मटेरियल. डॉक्टर ते तुमच्या दातावर थराथराने लावतात, आकार देतात, निळा लाइट मारून कडक करतात आणि पॉलिश करतात. बहुतेक वेळा एका बैठकीत होतं, माप लॅबकडे येतच नाही. फट बुजवायची, तुटलेला कोपरा जोडायचा, दात थोडा लांब दाखवायचा, यासाठी दात बहुधा घासावा लागत नाही किंवा नुसता खरबरीत करावा लागतो. कोपरा उडाला तर तिथल्या तिथे जोडता येतो. हवं तर काढूनही टाकता येतं. आता तोट्याची बाजू. कंपोझिट चहा, कोकम, हळद यांचे डाग धरतं, चकाकी हळूहळू जाते, वर्षाकाठी एकदा पॉलिश करावं लागतं, आणि साधारण पाचेक वर्षांत बदलायची किंवा डागडुजीची वेळ येते. शिवाय यात सगळं डॉक्टरांच्या हातावर आहे. एकच डबी दोन डॉक्टरांना दिली तर दोन वेगळे दात तयार होतात. म्हणून त्यांनी स्वतः केलेल्या जुन्या कामाचे फोटो मागा, कंपनीच्या कॅटलॉगचे नव्हे.

वय लहान असेल, पहिलाच अनुभव असेल, तक्रार एकदोन दातांपुरती असेल, तर मी कंपोझिटच सुचवते, आणि मी सिरॅमिक घडवून पोट भरते तरीही. बावीस वर्षांच्या मुलाने सिरॅमिकसाठी दात घासले तर पुढच्या आयुष्यात त्याला ती व्हिनियर तीनचारदा बदलावी लागणार. प्रत्येक वेळी आणखी थोडा दात जातो.

सिरॅमिकमध्ये मुख्य दोन प्रकार तुमच्या कानावर पडतील. फेल्डस्पॅथिक पोर्सिलेन हे जुनं आणि माझं आवडतं. पांढरी पूड पाण्यासारख्या द्रवात कालवायची आणि कुंचल्याने थर चढवायचे. खाली अपारदर्शक, मध्ये दाताचा रंग, टोकाकडे जवळजवळ काचेसारखा थर. भट्टीत भाजलं की ते आकसतं, म्हणून मुळातच थोडं मोठं घडवावं लागतं. भाजून बाहेर आलेल्या चांगल्या व्हिनियरमधून खिडकीकडे पाहिलं की कडेला निळसर झाक दिसते, खऱ्या दाताला असते तशीच. एवढा जिवंतपणा दुसऱ्या कुठल्या मटेरियलमध्ये मला दिसलेला नाही. पण ते नाजूक असतं आणि घडवणाऱ्याला वेळ लागतो.

लिथियम डायसिलिकेट हा काचेचाच पण जास्त ताकदीचा प्रकार. डॉक्टर बहुतेक वेळा "ई-मॅक्स" म्हणतात, ते एका कंपनीच्या मालाचं नाव सगळ्यालाच पडलंय. ते दोन रीतींनी होतं. एकीत मेणाचं व्हिनियर करून साच्यात गाडायचं, मेण जाळून पोकळी करायची आणि तापवून मऊ केलेलं सिरॅमिक त्यात दाबायचं. दुसरीत कॉम्प्युटरवर आकार काढून मशीनने ठोकळ्यातून कोरायचं. हा ठोकळा चक्क निळसर जांभळा असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं. साडेआठशे अंशांच्या आसपास भट्टीतून काढलं की तो दाताचा रंग घेतो. पहिल्या वर्षी मी भट्टीचं दार उघडून नुसती बघत उभी राहायची.

ताकदीच्या आकड्यांची जाहिरात पुष्कळ होते. फेल्डस्पॅथिकची ताकद साधारण 100 मेगापास्कल (ताकद मोजायचं एकक) किंवा त्याहून कमी, लिथियम डायसिलिकेटची 400 च्या आसपास, झिरकोनिया या आणखी एका सिरॅमिकची 900 च्याही वर. मग झिरकोनियाच का नको? कारण व्हिनियर एकटं उभं नसतं, त्याला खालच्या दाताचा आधार असतो. लादी पोकळ बसली की पायाखाली तडकते, खाली भरणी पक्की असेल तर वर्षानुवर्षं टिकते. झिरकोनियात काच नसल्यामुळे ॲसिडने ते खरबरीत होत नाही, म्हणून त्याचा जोड धरायला वेगळी खटपट करावी लागते. शिवाय जुनी, ताकदवान झिरकोनिया गढूळ दिसते. कॅपसाठी ती उत्तम, समोरच्या पातळ व्हिनियरसाठी ती माझी पहिली निवड नाही. दाताला इनॅमल भरपूर असेल, रंग फार बदलायचा नसेल आणि हुबेहूब दिसणं महत्त्वाचं असेल तर फेल्डस्पॅथिक. थोडा जोर पडणार असेल, कड लांब करायची असेल, डाग जरा झाकायचा असेल तर लिथियम डायसिलिकेट. दोन्ही नीट केलेली साधारण 10 ते 15 वर्षं चालतात, पुष्कळ त्याहून जास्तही.

"दात न घासता बसणारी" अतिपातळ व्हिनियर हा तिसरा शब्द ऐकाल. दात लहान असतील, फटी असतील, आत झुकलेले असतील तर खरंच न घासता बसतात आणि मग त्यांच्यासारखं काही नाही. पण दात आधीच भरदार असतील तर वर आणखी थर चढल्यावर ओठ फुगलेला दिसतो आणि हिरडीजवळ जाडी राहते, तिथे अन्न अडकतं. साचा हातात आला की मला हे दिसतं. कधीकधी डॉक्टरांना फोन करून सांगावं लागतं की इथे जागाच नाही.

ऑनलाइन मिळणारे दातांवर खटकन बसवायचे प्लास्टिकचे साचे, किंवा कुठल्याशा पार्लरमध्ये "व्हिनियर कोर्स" केलेल्या माणसाकडून चिकटवून घेतलेले दात, यांच्या वाटेला जाऊ नका. दातांवर काम करायचा अधिकार नोंदणी असलेल्या डॉक्टरांनाच आहे.

चौथी पायरी: तुम्ही दातांनी काय काय करता?

हे डॉक्टर विचारतीलच असं नाही, तुम्हीच सांगा. झोपेत दात खाता का? घरच्यांना विचारा, आपल्याला कळत नाही. दातांच्या कडा सपाट झिजल्या असतील तर उत्तर बहुधा हो. अशा माणसाने रात्रीचा गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं कव्हर) घातल्याशिवाय व्हिनियर करू नये. चावताना वरचे-खालचे दात कडेला कड लागत असतील तरीही जोखीम मोठी.

आणि आपल्या किनाऱ्यावरच्या सवयी. मालवणात माझ्या माहेरी कुर्ल्यांच्या नांग्या दातांनीच फोडायच्या असं जणू ठरलेलंच. जाळं दुरुस्त करताना तंगूस दातांनी तोडतात, सुरंगीचे वळेसर करताना बायका दोरा दातांनी तोडतात, सोड्याच्या बाटलीचं झाकणही कुणी कुणी दातांनीच काढतं. जत्रेतला खाजा आणि खडखडे लाडू आहेतच. माझा स्वतःचा पुढचा दात नांगीवरच गेला. बारीकसा कोपरा उडाला, आवाज मात्र केवढा आला. कंपोझिटने जोडून घेतला. तेव्हापासून नांग्यांसाठी घरात खलबत्ता. व्हिनियर केलं म्हणून कुर्ल्या सोडायच्या नाहीत, नांगी फोडायची तेवढी बत्त्याने. ऊस सोलून तुकडे करून खायचा, पेरू कापून.

पाचवी पायरी: आधी बघा, मग दात घासा

या पायरीवर लोक सगळ्यात जास्त घाई करतात. साच्यावर मेणाने नवे दात घडवता येतात. त्याचं माप घेऊन डॉक्टर तुमच्या दातांवर, काहीही न घासता, तात्पुरतं मटेरियल बसवतात. आरशात बघा, बोला, "श", "स", "फ" म्हणून बघा, घरच्यांना दाखवा, फोटो काढा. लांबी जास्त वाटली तर तिथेच कमी करता येते. हे न करता थेट दात घासायला निघालेल्या ठिकाणी थांबा आणि आधी ट्रायल मागा.

माझ्या मामीचं काम आम्हीच केलं होतं. ट्रायलच्या दिवशी डॉक्टरांनी अगदी पांढरीफेक शेड लावून दाखवली. मामीने आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "दात पांढरे व्हये, पण माझेच वाटाक व्हये गो." तिने दोन शेड खालची निवडली. आज कुणालाही सांगितल्याशिवाय कळत नाही.

शेड म्हणजे रंगाचा नंबर. सगळ्यात प्रचलित पट्टीत A1 पासून D4 पर्यंत 16 नंबर आहेत. A तांबूस-तपकिरी, B तांबूस-पिवळा, C करडा, D तांबूस-करडा. शेड भेटीच्या सुरुवातीलाच घ्यायला सांगा. तोंड उघडं राहिलं की दात सुकतात आणि असतात त्याहून पांढरे दिसतात, मग नंबर चुकतो. लिपस्टिक पुसून, खिडकीपाशी, दिवसाउजेडी. ट्यूबलाइटखाली किंवा संध्याकाळी घेतलेली शेड मला साच्यासोबत आली की काळजी वाटते. मोबाइलवर उजेडात काढलेला, शेडची पट्टी दाताशेजारी धरलेला फोटो डॉक्टरांनी पाठवला तर आमचं अर्धं काम सोपं होतं. आणि समोरच्या दोनपैकी एकाच दाताला व्हिनियर करायचं असेल तर ते सहा दातांपेक्षा अवघड असतं, कारण शेजारचा खरा दात क्षणोक्षणी तुलना करत असतो. त्याला एखादी जास्तीची ट्रायल लागली तर डॉक्टरांवर रागावू नका.

ब्लीचिंग करायचंच असेल तर शेड घेण्याआधी. व्हिनियर नंतर ब्लीच होत नाही. आणि ब्लीचिंग संपल्यावर चिकटवण्याआधी साधारण दोन आठवडे जाऊ द्या, दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे जोड नीट धरत नाही.

सहावी पायरी: दिवसांचा हिशेब

स्केलिंग आणि हिरड्यांसाठी दोन आठवडे, ब्लीचिंगचे दोन, त्यानंतर थांबायचे दोन, लॅबचे एक ते दोन. म्हणजे मेच्या लग्नासाठी होळी आटोपताच सुरुवात करायला हवी. गणपतीच्या आठवड्याच्या रजेत सिरॅमिक बसत नाही, कंपोझिट बसू शकतं. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट धरा. इकडच्या अनेक दवाखान्यांची मापं कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच्या लॅबला जातात, आणि घाटात दरड आली की कुरिअर अडकतं. तात्पुरत्या दातांवर आणखी चार दिवस काढायची तयारी ठेवा.

डॉक्टर निवडताना राज्य दंत परिषदेची नोंदणी बघाच. बीडीएस डॉक्टरही व्हिनियर उत्तम करतात. एमडीएस असतील तर प्रोस्थोडोंटिक्स (कॅप, कृत्रिम दात) किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह (दात भरणं, रूट कॅनल) या शाखांचं हे रोजचं काम. दुसरं मत हवं असेल तर खेडचं योगिता डेंटल कॉलेज आहे, सिंधुदुर्गकरांना बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज जवळ पडतं, मुंबईला येणंजाणं असेल तर शासकीय दंत महाविद्यालय आणि नायरचं दंत महाविद्यालय.

पैसे दातामागे मोजले जातात. सिरॅमिक कंपोझिटच्या कित्येक पट महाग पडतं, आणि दिसण्यासाठी केलेल्या कामाला विमा सहसा मिळत नाही. आकडा लेखी घ्या. त्यात ट्रायल, तात्पुरते दात, लागल्यास नाइट गार्ड आणि पहिल्या वर्षाची डागडुजी धरली आहे का ते विचारा. हसताना जेवढे दात दिसतात तेवढेच करा. सहा दिसत असतील तर दहाचं पॅकेज कशाला?

चिकटवण्याचा दिवस, आणि नंतर

चिकटवण्याआधी डॉक्टर पाण्यात धुऊन निघणारी रंगीत पेस्ट लावून व्हिनियर दातावर बसवून दाखवतात. हीच शेवटची संधी. आवडलं नाही तर आत्ताच बोला, सिमेंटवर लाइट मारल्यावर ते सुट्टं काढता येत नाही, कापूनच काढावं लागतं. मला परत आलेल्या व्हिनियरचा राग येत नाही. भट्टी पुन्हा लावता येते.

पहिले काही दिवस गार-गरम लागेल. चावताना एखादा दात आधी टेकतोय असं वाटलं तर वाट बघू नका, दवाखान्यात जाऊन तेवढा जोर कमी करून घ्या. मऊ ब्रश, साधी पेस्ट, दातांच्या फटींत रोज धागा. सोलकढी, चिंच, कैरी खाल्ल्यावर चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. आंबटाने सिरॅमिकला काही होत नाही, पण कडेचा तुमचा दात तेवढा वेळ मऊ पडलेला असतो. पुढे कधी दवाखान्यात फ्लोराइड जेल लावायची वेळ आली तर "माझी सिरॅमिक व्हिनियर आहेत" असं सांगा. आम्लयुक्त जेलने त्यांची चकाकी जाते, साधं न्यूट्रल जेल चालतं.

व्हिनियर निघालं तर घरचा झटपट गोंद लावू नका. स्वच्छ डबीत ठेवा आणि घेऊन जा. अखंड असेल तर पुष्कळदा तेच परत बसतं.

आणि काम संपलं की एक कागद मागून घ्या: कुठल्या दातांना, कुठलं मटेरियल, शेड कोणती, तारीख, कुठल्या लॅबने केलं. दवाखान्याच्या फाइलमध्ये असतं, पण ते तुमच्याकडेही हवं. दहा-बारा वर्षांनी एखादं तुटून तुम्ही वेगळ्याच गावात वेगळ्याच डॉक्टरांसमोर बसलेले असाल, तेव्हा उरलेल्या पाचांशी जुळणारं एक व्हिनियर घडवायला माझ्यासारख्या कुणालातरी त्या कागदावरच्या दोन ओळींचाच आधार असतो.